मायनं पोतारलेली भिंत

आमच्या सोनाळ्याच्या घरात जातं माजघराच्या कोपऱ्यात होतं आणि मायची जागा भिंतीकडची. लग्न होऊन आली तेव्हा सासूनं तिला तिथं बसवलं. पुढे सासू गेली, जागा तीच राहिली. डाव्या अंगाला भिंत, त्यामुळे खुंटा उजव्या हातानंच ओढायचा आणि डाव्यानं मूठमूठ ज्वारी सोडायची. सुरुवातीला ती घरातलं सगळंच करत होती. पाणी, ताक, शेण, कापसाची वेचणी. मग काकू, म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्याची बायको घरात आली आणि कामांची वाटणी झाली. मायचं पीठ बारीक निघे, गावात त्याचं नाव होतं, म्हणून जातं मायकडे. काकूचे पाय चपळ, म्हणून पाणी काकूकडे. ज्याला जे चांगलं येतं ते त्यानं करावं, यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. नुसत्या मुलींत नाही, सगळ्यांत. हे मी अभिमानानंच सांगते. नागपूरच्या वसतिगृहात सकाळी व्यायामाचा तास असे. मला लेझीम छान येत होती, म्हणून मी रोज लेझीमच घ्यायची. एक दिवस व्यायामाच्या बाईंनी ती माझ्या हातातून काढून घेतली आणि फिरवायला लाकडी मुद्गलांची जोडी दिली. दुसऱ्या दिवशी पाठीत आणि खांद्यामागे अशा जागा दुखल्या, की त्या आपल्याला आहेत हेच मला ठाऊक नव्हतं. बाई म्हणाल्या, "लेझीम तुला येते, म्हणूनच ती आता तुझ्या अंगाला काही देत नाही. एक दिवस जोडी, एक दिवस धावणं, एक दिवस दोरीवर चढणं. लेझीम अधूनमधून." मला राग आला. पण वर्ष संपता संपता माझी पाठ सरळ झाली, दम वाढला आणि लेझीमही आधीपेक्षा सुधारली.

शेवटचं वर्ष तेवढं राहिलं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले तर मायचा उजवा हात फडक्यात बांधून छातीशी धरलेला. खांदा धरला होता. नांदुऱ्याच्या हकीमानं लेप देऊन थोडे दिवस हात हलवू नका म्हणून सांगितलं होतं. घरच्यांनी भीतीपोटी तो बांधूनच ठेवला. ठणका गेला, पण हात लाकडासारखा झाला. तिचे केस काकू विंचरून द्यायची.

बाबा जेवताना म्हणाले, "आता शिकणं बस झालं. तुह्या मायचा हात गेला. एकटी काकू कुठलोक पुरन?"

"अन् शेवटचं वर्ष?"

"वर्ष काही पयून नाई जाऊन राह्यलं. घर जाऊन राह्यलं."

माय डाव्या हातानं भाकर मोडत होती. ती म्हणाली, "कॉलेज उघडेलोक पाहू द्या. हात चालला तं पोरगी जाईन. नाई चालला तं मीच तिले म्हणीन, राहाय म्हणून."

दुसऱ्या दिवशी मी तिला लेझीम आणि जोडीची हकीकत सांगितली. मी काही डॉक्टर नव्हते, पण ठासून बोलले. "हात गेला नाई माय. एकच काम करू करू अडकला तो."

"मंग? सोडून देऊ का जातं?"

"सोडू नको. समोरच्या जागी बस, भिंत उजवीकडं येईन, अन् डाव्या हातानं वढ. उजव्याले रोज येगळं काम. एक दिवस ताक, एक दिवस पाणी, एक दिवस भिंत पोतारणं. दुखलं तं दुसऱ्या दिवशी दुसरं."

काकू चुलीपाशी होती. "कॉलेजात हेच शिकवतेत काय वं, कोणं कुठं बसावं ते? बाकी काही घ्या, पाणी मी देत नाई. विहिरीवर दोन घडी मानसाचा आवाज पडते कानावर. इथं तं जात्याचाच."

"मले तं लगन झाल्यापासून जात्याचाच हाय," माय म्हणाली.

काकूनं उठून दुसरी घागर घासून ठेवली. सकाळी घागरी घेऊन दोघी बरोबर गेल्या. बादली काकू ओढायची, माय मागून दोराला हात लावायची.

"जाऊबाई, दोर धरून राह्यल्या का दोराले लटकून राह्यल्या?"

"लटकूनच. तू वढ."

भिंतीचं काम सगळ्यात अवघड होतं. पांढरी माती पाण्यात कालवून फडक्यानं भिंतीला पोतारा द्यायचा. पहिल्या दिवशी मायचा हात छातीच्या वर गेला नाही. तिनं ओठ दाबले होते. पुढच्या खेपेला ओली रेघ थोडी वर सरकली. मध्ये एकदा तिनं हट्टानं एकटीनं पाणी ओढलं आणि हात पुन्हा फडक्यात गेला. ते दिवस मला फार जड गेले. मग ताक घुसळण्यापासून परत सुरू केलं. दोरीनं रवी फिरवताना एक हात पुढे गेला की दुसरा मागे येतो, म्हणून ते तिला सोसत होतं. बाबा येता-जाता भिंतीकडे पाहायचे.

डाव्या हाताचं पीठ जाडंभरडं निघे. भाकरी थापताना फाटायच्या. बाबा तशाच खायचे. एकदा शेजारीण सगळ्यांदेखत म्हणाली, "काऊन वं, तुमच्या घरी आता चक्कीचं पीठ येते का?"

"नाई," माय म्हणाली. "माह्याच हातचं हाय. डाव्या."

हे म्हणणं तिला किती अवघड गेलं असेल, ते मला तेव्हा पुरतं कळलं नाही. बारीक दळणारी, एवढीच तिची गावात ओळख होती.

आभाळ भरून यायला लागलं तेव्हा पोतारा कोनाड्याच्या वर, तिच्या डोक्यापेक्षा जरा उंच गेला होता. बाबा भिंतीपुढे उभे राहिले. ओल्या कडेला त्यांनी तळवा लावून पाहिला.

"पेटी भर, पोरी," एवढंच म्हणाले.

निघायच्या दिवशी मायनं आपले केस आपण विंचरले. पुढून हात वर जात होता, मागे मात्र मानेशी अडत होता, म्हणून अंबाडा खाली मानेवर आला. पुढे तो कायम तिथंच राहिला. बैलगाडीनं जळगाव जामोदला, तिथून मोटारीनं नांदुऱ्याच्या स्टेशनावर, असा प्रवास करून मी गेले आणि पुढल्या वर्षी बी.ए. झाले. जात्याच्या दोन जागा त्या दोघी आलटून पालटून घेत राहिल्या. मायचं पीठ पहिल्यासारखं बारीक पुन्हा कधी निघालं नाही.

पोताऱ्याच्या वरचा भिंतीचा पट्टा मातकटच राहिला. सुट्टीत गेले की मी म्हणायची, तेवढा मी पोतारून देते. ती फडकं हातात घेऊ द्यायची नाही.

"राहू दे. माहा हात पोचला तिथलोकच माही भिंत."