तटाला पोट सुटलं तेव्हा

किल्ल्याच्या तटाला मी पुन्हा ओळंबा लावला. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं वजन. भिंत सरळ आहे की नाही ते सांगतं. काल भिंत दोन बोटं पुढे आली होती, आज चार. आमच्या भाषेत, तिला पोट सुटलं होतं.

वाईजवळच्या त्या किल्ल्याच्या दुरुस्तीचा इंजिनिअर मी. तीन दिवस पाऊस थांबला नव्हता. उद्या किल्ल्यावर कार्यक्रम, आणि याच तटाखालच्या वाटेने शाळेची पोरं वर येणार होती. मला एका जागी उभं राहवेना. साहेबांना फोन लावला.

"सर, वाट बंद करावी लागेल."

"पत्रिका वाटून झाल्यात. बघा काहीतरी."

आमचे म्हातारे गवंडी रशीदभाई तटाच्या पायथ्याकडे बोट दाखवत म्हणाले, "सायेब, मे महिन्यात बुजवलेल्या भोकांमुळं झालंय हे. आत पाणी कोंडलंय."

"अहो, त्या जंग्या आहेत." जंगी म्हणजे तटातलं तिरकं भोक, आतून बंदूक रोखायची, खालचा शत्रू टिपायचा. त्यांत झाडं उगवत होती, म्हणून मीच ती बंद करून घेतली होती.

"जंग्या वरच्या. ही खालची पाणी जायाची. ह्यांच्या मागं समदी माती भरलीया. बंदूक घिऊन माणूस उभा कुठं ऱ्हायचा?"

एवढं शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं. मी उगाच चिडलो. "मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बोललो हुतो की. तुमी म्हणाला, ड्रॉइंग बघा."

ड्रॉइंग माझंच होतं. लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती.

आता फुगलेल्या भिंतीखाली छिन्नीनं भोकं उघडायला माणूस उभा करणं शक्यच नव्हतं. मी दोरी बांधून वाट बंद केली आणि तिथंच साहेबांना पत्र लिहिलं: भोकं बुजवली ही माझी चूक. तट कधीही पडेल, कार्यक्रम थांबवावा. मोबाईलवरून पाठवून दिलं. साहेब खूप बोलले, पण लेखी आल्यावर त्यांचाही इलाज चालेना; कार्यक्रम थांबवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पोरं ज्या वेळी वाटेत असती त्याच सुमारास, दहा-बारा हात तट कोसळला. खाली कुणी नव्हतं.

संध्याकाळी साहेबांचा फोन. "पत्रातली तुमची चूक काढा, अतिवृष्टी लिहा. पाऊस काही खुलासा द्यायला येत नाही."

पत्र मी बदललं नाही. माझी सांगलीला बदली झाली. हल्ली ड्रॉइंगवर सही करण्याआधी ते गवंड्यापुढं ठेवतो. वेळ जातो, पण भिंत राहते.