मिठागराचे पाय

मला साखर निघाली तेव्हा मी पन्नाशीची होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. तपासणीच्या आधी दोन दिवस ती बाई (म्हणजे मीच, पण तिला ‘मी’ म्हणायला जीभ रेटत नाही) भात बंद करायची, नाक दाबून कारल्याचा रस प्यायची, आणि रिपोर्ट चांगला आला की दवाखान्यातून थेट मिठाईवाल्याकडे वळायची. डॉक्टर ‘शाबास’ म्हणाले होते ना! पुढे तीन महिन्यांची साखर एकदम सांगणारी ती चुगलखोर तपासणी आली आणि बाईंचं पितळ उघडं पडलं. कॉप्या पकडण्यात जन्म घालवलेली मास्तरीण ती!

आता गुण मिळवायची हौस फिटली. पनवेलच्या आरोग्य केंद्रात दर महिन्याला जाते, गोळ्या घेते, जो आकडा येईल तो ऐकून घेते. सोबत असते माझी घरमालकीण, तिलाही साखर. तिच्या सासरच्या शेतावर आमची इमारत उभी आहे. तिच्या मुलांचे ट्रेलर न्हावा शेव्याला जातात, दारात दोन गाड्या असतात, आणि ही मात्र अंगणात मासळी साफ करत अनवाणी फिरते. लग्नाआधी बापाच्या मिठागरात राबलेली. “मिठागराचे पाय हायेत,” ती सगळ्यांना ऐकवते, “खिळा टोचला तर खिळाच वाकंल.” तिच्या थोरल्या जावेला हीच साखर होती. आधी तिचा अंगठा गेला, मग पाऊल गेलं. त्याविषयी मात्र ती बोलत नाही.

गेल्या वर्षी एका सकाळी केंद्रात एक मुलगी मोबाइल घेऊन बसली होती. आपला आजार आपणच घरी सांभाळायचा असतो, त्यात दवाखाना आपल्याला किती मदत करतो, हे ती मोजत होती. प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायचं ते ‘कधीच नाही’पासून ‘नेहमी’पर्यंत.

पहिला नंबर माझा. मला काय, संधीच हवी होती.

“जेवणात काय बदल जमेल, हे तुम्हाला विचारून ठरवतात का?”

“कधीच नाही. ‘भात कमी करा’ म्हणतात. भाताऐवजी पानात काय वाढायचं, ते कोण सांगणार?”

घरमालकिणीने मला जोरात चिमटा काढला. समोर बसलेली सिस्टर तिच्या माहेरच्या गावची लेक, आणि पलीकडच्या टेबलाशी बसलेल्या डॉक्टरीणबाई म्हणजे तिचा देव. मग तिची पाळी आली.

“औषध ठरवताना तुमचं मत—”

“नेहमी.”

“घरी काय अडचण येते, ते—”

“नेहमी.”

“अगं, तिला प्रश्न तरी पुरा करू दे,” मी म्हटलं.

“तू गप र्‍हा. कोणाच्या घरी जेवून, ‘भाजीत मीठ कमी व्हतं’ बोलतात काय?”

मुलगी हसू दाबत म्हणाली, “आजी, तुमचे पाय तपासतात का?”

“नेहमी!”

मी पुन्हा तिची फिरकी घेणार होते, तेवढ्यात माझी नजर फरशीवर गेली. केंद्रात चपला बाहेर काढून यावं लागतं. वजनाच्या काट्यापासून आमच्या बाकापर्यंत पांढऱ्या फरशीवर ओले, लालसर ठिपके उमटले होते. एकाच पायाचे. आणि ही तर लंगडतही नव्हती.

“सिस्टर,” मी मोठ्याने म्हटलं, “हिचे पाय तुम्ही नेहमी तपासता म्हणे. आजचे राहिले की!”

सिस्टर ओशाळली. “मावशी, दाखवा बघू.”

“मना काय नाय झालं.” तिने पाय लुगड्याखाली ओढून घेतले. “डॉक्टरीणबाईंसमोर तळवा वर करू? देवाच्या तोंडावर पाय?”

“देवाला दुखणं दाखवायचं नाही, तर देवळात आलीस कशाला?”

डॉक्टरीणबाई स्वतः उठल्या, स्टुलावर बसल्या आणि तिचं पाऊल सरळ आपल्या मांडीवर घेतलं. हिने डोळे मिटून हात जोडले. तळव्यात मासळीचा चांगला बोटाच्या पेराएवढा काटा रुतला होता आणि भोवतीची कातडी पांढरी पडून भिजली होती.

“लागतंय का?” डॉक्टरीणबाईंनी काटा हलवला.

“कुठं?”

“आता?”

“अजून हात नाय लावला ना तुमी?”

काटा तेव्हा बाहेर निघालेला होता. डॉक्टरीणबाईंनी तो तिच्यासमोर धरला आणि सांगितलं, पाय कणखर म्हणून दुखत नाही असं नाही. साखरेने पायाची जाणीवच गेली आहे, म्हणून आता पायाचं काम डोळ्यांनी करायचं, रोज. ती काट्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “जाऊ पन हेच बोलायची. दुखत नाय, दुखत नाय.”

“आजी, मग मी काय लिहू?” मुलीने विचारलं.

“नेहमी! एकदा बोलले ते बोलले.”

जखम भरायला वेळ लागला, पण भरली. आता रोज संध्याकाळी ती पायरीवर बसते, नातवंडांचा आरसा तळव्याखाली धरते आणि बघून झालं की मला हाक मारून पुन्हा बघायला लावते. केंद्रात तर विचारूच नका. आत शिरली की आधी पाऊल स्टुलावर.

“मावशी, आज खोकल्याला आलात ना?” सिस्टर म्हणते.

“तू बघ गो. ती पोरगी परत येल, तवा माझं ‘नेहमी’ खोटं पडाला नको.”

परवा पाय तपासून झाल्यावर तिने माझ्याकडे मोर्चा वळवला. “हिचे बी बघा. लोकांचे पाय लई बघते.”

मी ऐटीत पाऊल पुढे केलं. सिस्टर म्हणाली, “काकू, टाचा काय छान ठेवल्यात!”

घरमालकिणीने माझ्याकडे रोखून पाहिलं. आदल्या दिवशी वजरीने तासभर टाचा घासताना तिने मला पाहिलं होतं.