यमुनाबाई आणि बारीक अक्षरं

आमच्या वाडीतली यमुनाबाई मासे विकायची आणि विश्वास कुणावरच ठेवायची नाही. किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढून झालं आणि तिच्या वाट्याचे बांगडे पाटीत पडले की ती वरचे बाजूला सारून खालचे बघायची. बाजारात गिऱ्हाइकाने तिच्या माशाचे कल्ले उघडून पाहिले तर मात्र तिला राग यायचा.

भिकाजीच्या चहाच्या दुकानात मुंबईचा पेपर दोन दिवस उशिरा यायचा. तो दाजी मोठ्याने वाचायचे. दाजी आगबोटीच्या धक्क्यावर कारकून होते. निवृत्त झाल्यावर हेच त्यांचं काम. मालवणच्या बाजारातून परतताना यमुनाबाई रिकामी पाटी काखेला लावून दाराशी उभी राहायची आणि ऐकायची.

पहिला संशय तिला एकसष्ट सालच्या डिसेंबरात आला. दाजींनी वाचलं, ‘गोव्याच्या हद्दीवर फौजा सज्ज’, आणि पुढे तोफा कशा रांगेने मांडल्या, साहेब घोड्यावरून काय बोलला, सगळं सांगितलं. त्याच सकाळी यमुनाबाईला गोव्याच्या हद्दीजवळच्या बांद्याकडचा एक ट्रकवाला भेटला होता. गोवा घेऊनसुद्धा झाला होता. तिने तसं सांगितलं तर दाजी म्हणाले, पेपरात येईपर्यंत काही खरं धरू नये.

पुढल्या वर्षी चीनची लढाई लागली. ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ असं दाजींनी वाचलं. अफवा कुठल्या ते पण छापलंय का, असं यमुनाबाईने विचारलं. छापलं नव्हतं. मग विश्वास नेमका कशावर ठेवायचा नाही, हे तिला कुणी सांगेना.

शाळेत मोठ्या माणसांसाठी वर्ग सुरू झाला तेव्हा पन्नाशीची यमुनाबाई पहिल्या दिवशी हजर. माशांच्या पाटीबरोबर आता दगडी पाटीही आली. बाकीच्या बायकांना पोथी वाचायची होती. तुला काय वाचायचंय, असं सुगंधाबाई मास्तरणीने विचारलं.

“दाजी वाचतत ता खरा की खोटा, ता माका बघूचा आसा,” यमुनाबाई म्हणाली.

दोन वर्षं लागली. पासष्टच्या सप्टेंबरात पाकिस्तानशी लढाई पेटली तोवर ती अडखळत का होईना, वाचू लागली होती. वाडीत कुणाला ते ठाऊक नव्हतं.

त्या दिवसांत मथुरा रोज दुकानात येई. तिचा एकुलता एक मुलगा सत्यवान लष्करात होता. कुठे होता हे कार्डात लिहायला बंदी होती. ‘लाहोर आघाडीवर घनघोर लढाई’ असा मथळा दाजींनी वाचला आणि खाली मराठ्यांची पलटण सुखरूप पुढे सरकल्याचं सांगितलं. मथुराने पदराने डोळे टिपले. दुसऱ्या दिवशी पलटण आणखी पुढे गेली. तिसऱ्या दिवशी पलटणीने नदी ओलांडली.

यमुनाबाईने मासे गुंडाळायला म्हणून तिन्ही पेपर मागून नेले. घरापुढच्या खळ्यात बसून बोट ठेवत ठेवत तिने बारीक अक्षरंसुद्धा लावली. मथळे बरोबर होते. मराठ्यांची पलटण कुठेच नव्हती, नदीही नव्हती.

ती सरळ दाजींच्या घरी गेली आणि पेपर त्यांच्यापुढे ठेवला. दाजींनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, मग खाली ठेवला.

“मोठी अक्षरां दिसतत,” ते म्हणाले. “बारीक दिसनत नाय, पाच-सहा वर्सां झाली.”

“मगे खालचा सगळा तुमी मनातला सांगतास?”

“पयला गंमत म्हणान सांगी. आता मथुरा येता. तिका काय सांगू?”

यमुनाबाईने पेपरची घडी घातली. दाजी खोटं सांगतात हे तिने ओळखलं होतं. ते का सांगतात हे विचारायचं तिला कधी सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून दाजी मथळा वाचू लागले आणि खालचं यमुनाबाई. माणसं चकित झाली, पण तासाभरात कंटाळली. खरी बातमी म्हणजे कुणीतरी कुणाला खलिता पाठवला आणि अमक्याने निषेध केला. दाजींचा पेपर बरा होता, असं म्हणत एकेक जण उठून गेला. मथुरा मात्र बसून राहिली. पलटणीचं काय लिहिलंय, असं तिने विचारलं.

यमुनाबाईने पेपरातल्या रॉकेलच्या बातमीवर बोट ठेवलं.

“सुखरूप आसा,” ती म्हणाली. “विसावा घेता.”

लढाई थांबली. दिवाळीला सत्यवान रजेवर आला तो चांगला गुबगुबीत होऊन. सगळी लढाई त्याने जबलपूरच्या भटारखान्यात बटाटे सोलत काढली होती आणि त्याने ते दुकानात चारचौघांत सांगूनही टाकलं. यमुनाबाई आणि दाजी आपापल्या कपात बघत बसले.

मथुराने मुलाकडे संशयाने पाहिलं.

“तुका सांगूक बंदी आसा, म्हायत आसा माका,” ती म्हणाली.

सत्यवानाने शपथ घेतली. मग तर भिकाजीलाही खात्री पटली की काहीतरी मोठं गुपित आहे. चार दिवस सत्यवान बटाट्यांचं सांगत राहिला. पाचव्या दिवशी कुणीतरी विचारलं की नदीला पाणी किती होतं. त्याने आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि छातीवर हात आडवा धरून दाखवला, एवढं.