बोकारेजींची उलटतपासणी

बोकारेजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी भोपाळच्या मिसरोद भागातल्या घरी चहा गाळत होतो. सांगायला लाज वाटते, पण दुःखाच्या आधी वाटली ती भीती... आता साक्षीला मी एकटाच उरलो होतो. महिना उलटून गेला, भीती काही कमी झालेली नाही.

मनोहर बोकारे मूळ नागपूरचे. भोपाळच्या सरकारी कारखान्यात, खरेदी विभागात आमची टेबलं शेजारी आणि टाउनशिपमध्ये क्वार्टरही शेजारी. माणूस कमालीचा भित्रा. कुलूप लावून फाटकापर्यंत यायचे आणि ते ओढून पाहायला परत जायचे. "बोकारेजी, तुम्ही कसली टेंडरं उघडणार, पाकिटालाच घाबराल," असं मी चारचौघांत चिडवायचो. तेही हसायचे.

टेंडर उघडायची रीत ठरलेली. पुरवठादारांसमोर लाखबंद पाकिटं फोडायची आणि पानापानावर दोघांनी सह्या करायच्या, त्यांनी आणि मी. एका दुपारी सही करता करता त्यांचं पेन थांबलं. लोखंडी ओतकामासाठी तीन कंपन्यांची पाकिटं होती आणि तिन्हींत एका रद्द झालेल्या ड्रॉइंगचा नंबर होता. ते जुनं ड्रॉइंग आम्ही एकाच कंपनीला कधीकाळी दिलं होतं, बाकी दोघींनी ते पाहिलंही नव्हतं. म्हणजे तिन्ही टेंडरं एकाच हातची, स्पर्धा नावापुरती. ते माझ्याही लक्षात आलं. "सही करा आणि मोकळे व्हा," मी पुटपुटलो. त्यांनी सही केली आणि खाली ती चूकही नोंदवून ठेवली.

त्या नोंदीवरून प्रकरण कंपन्यांच्या संगनमताची चौकशी करणाऱ्या स्पर्धा आयोगाकडे गेलं. बोकारेजींनी जबाब दिला. मला विचारलं तेव्हा मी "लक्षात नाही" म्हणून मोकळा झालो. कंपन्यांना दंड झाला, तशा त्या दिल्लीच्या अपील न्यायाधिकरणात गेल्या. म्हणाल्या, या बोकारेबाबूनेच कागद बदलले. तोवर बोकारेजी निवृत्त होऊन भोपाळातच कोलार रोडला राहायला गेले होते. तिथे भाजी घेताना एका अनोळखी गृहस्थाने त्यांची पिशवी अदबीने हातात घेतली. "बिटिया मोड़ वाले स्कूल में पढ़ाती है ना, बोकारेजी? बड़ी मेहनती है." एवढंच बोलून तो गेला. पुढे कितीतरी दिवस ते लेकीला शाळेपर्यंत सोडायला जात होते.

न्यायाधिकरणाने आयोगाचा आदेश रद्द केला. कंपन्यांना साक्षीदाराची उलटतपासणी घेऊ दिली नव्हती, ती घेऊ द्या आणि मग नव्याने ठरवा, असं सांगितलं. मी भडकलो, म्हटलं, पुन्हा पहिल्यापासून? बोकारेजी मात्र म्हणाले, "बरोबरच आहे त्यांचं, भाऊ. मला चोर म्हणतात ना, मग मला विचारू द्या त्यांना. त्याशिवाय माझं खरं कोणी काहून धरावं?... भीती तर वाटतेच. रोजच वाटते." तारीख लागायच्या आत त्यांच्या हृदयाने दगा दिला.

गेल्या आठवड्यात साक्षीला बोलावणारी आयोगाची नोटीस माझ्या नावाने आली. मी बोकारेवहिनींकडे गेलो, ते माझी लाचारी सांगायला. या वयात मला हे झेपणार नाही, पुन्हा "लक्षात नाही" म्हणेन, तुम्ही रागावू नका... वहिनी म्हणाल्या, "हे रोज दुपारी याच टेबलाशी बसायचे, भाऊजी. मी व्हायचे कंपनीची वकील. मला दरडावून विचारायला लावायचे. मला हसू आलं की चिडायचे."

त्यांनी एक वही पुढे केली. बोकारेजींच्या अक्षरात प्रश्न आणि समोर उत्तरं, पानंच्या पानं. एकाच प्रश्नापुढची जागा कोरी होती. 'ती चूक तुमच्याशिवाय आणखी कोणी पाहिली होती का?'

"इथंच अडायचे," वहिनी म्हणाल्या. "म्हणायचे, हे भाऊंचं भाऊंनीच सांगितलं पाहिजे."

त्यांनी चष्मा लावला, समोरची खुर्ची ओढली आणि तोच प्रश्न मला विचारला.

"हो," मी म्हणालो. "मी पाहिली होती."

"जरा मोठ्यानं," वहिनी म्हणाल्या. "तिथं ऐकू गेलं पाहिजे."