केसपेपरावरची शेती

आमच्याकडे कुणालाही विचारा, काय करता? उत्तर एकच, शेती. रिक्षा चालवणारा शेती सांगेल, गोव्यात हॉटेलात भांडी घासणाराही शेतीच सांगेल. चार कुणग्यांत भात लावला की माणूस शेतकरी, मग बाकीचं वर्ष तो काहीही करो. मीही तेच केलं. कणकवलीच्या दवाखान्यात केसपेपर काढताना खिडकीतल्या बाईने पेशंटचा व्यवसाय विचारला आणि आमच्या ह्यांनी तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "शेती."

खरं म्हणजे हे नऊ वर्षं वाळूच्या प्लांटवर होते. डोंगरातली पांढरी वाळू, काच करायला जाते ती. सुकवायची, चाळायची, पोत्यांत भरायची. ह्यांचं काम चाळणीवर. संध्याकाळी घरी यायचे ते पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे, भुवयासुद्धा पांढऱ्या. तोंडाला रुमाल बांधायचा आणि सुटताना गुळाचा खडा खायचा, एवढीच काय ती काळजी. गुळाबरोबर धूळ पोटात उतरते, असं मुकादम सांगायचा. मलाही ते पटलं होतं. गूळ डब्यात मीच द्यायचे.

पण हे काम परमुलखातून आलेल्या मजुरांचं, असं वाडीत समजत. माझ्या माहेरी तर कुणाला पत्ताच नव्हता. घरची शेती, आंबा-काजूची कलमं, आणि जावई वाळू चाळतो? म्हणून शेती. जळ्ळी मेली ती अब्रू!

आधी खोकला आला. क्षयाची तपासणी झाली, काही निघालं नाही. मग चढणीवर धाप लागायला लागली. मग बोटं सुजली, सकाळी लुंगीची गाठ मारता येईना. "चिखलात राबता, वात धरायचाच," एका डॉक्टरांनी म्हटलं. केसपेपरावर शेती लिहिलेली, ते बिचारे दुसरं काय म्हणणार? मी मान डोलावली. प्रत्येक नव्या कागदावर जुन्यावरून तेच उतरत गेलं. दोन वर्षं. आणि ह्या दोन वर्षांत हे रोज चाळणीवर जात होते.

शेवटी गोव्याच्या मोठ्या इस्पितळात गेलो. खोलीत एसी होता. बघता बघता ह्यांची बोटं पांढरी पडली, मग निळी. डॉक्टरीणबाई तरुण होती. तिने बोटांवरची कातडी चिमटीत धरायला बघितली, ती उचललीच जाईना. मग एक्स-रे उजेडासमोर धरला आणि बराच वेळ बघत राहिली.

"दगडाचं काम करता का?"

"नाय. शेती," हे म्हणाले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"खाण, क्रशर, वाळू? कधीच नाही?"

"नाय."

वाटलं, गप बस. आता तोंड उघडलंस तर ही तुला फाडून खाईल. पण त्या बंद खोलीत ह्यांचा श्वास ऐकू येत होता. नुसतं खुर्चीत बसून माणसाला धाप लागली होती.

"खोटा बोलतत ते!" मी ओरडलेच. "वाळूच्या प्लांटार आसत, नऊ वर्सां. शेती मी सांगलंय."

तिने पेन खाली ठेवलं. रागावली असती तर बरं झालं असतं. शांतपणे सांगत राहिली. ती बारीक धूळ एकदा छातीत खोल रुतली की बाहेर येत नाही. तिला खायला शरीरातल्या पेशी धावतात, खातात आणि मरतात. तिथे सूज येते, पुन्हा नव्या पेशी धावतात, पुन्हा मरतात. छाती आतून कडक होत जाते. काही माणसांत तर शरीर असं चवताळतं की स्वतःच्याच सांध्यांवर आणि कातडीवर उठतं.

"म्हणजे राखणदारच घरच्यांका मारूक लागलो?" मी विचारलं.

तिने मान डोलावली.

"दोन वर्सांपूर्वी सांगला असता तर?" मी विचारलं.

"तेव्हाच काम बंद करायला लावलं असतं," ती म्हणाली. "गेलेली छाती तेव्हाही परत आली नसती. पण निदान पुढची धूळ आत गेली नसती. आता एक दिवसही जायचं नाही. औषधांनी सूज किती आवरते ते बघू."

बाहेर बाकावर बसल्यावर माझा तोल गेला. "माझा जाऊंदे, पण तुमी कित्याक खोटा बोललात?"

"तू सांगितलंस मां एकदा," हे म्हणाले. "तुका खोटी पाडू?"

मला स्वतःचं थोबाड फोडावंसं वाटलं. पण तिथे चार माणसं बसलेली. मी पदर सावरला आणि म्हटलं, "उद्यापासून प्लांट बंद. आयकलात?"

आणि मी भांडायला कंबर कसून बसले. बावीस वर्षांच्या संसारात ह्या माणसाने माझं एक काही पहिल्या फटक्यात ऐकलेलं नाही. आमटीतल्या मिठावरून वाद, पंख्याच्या वेगावरून वाद. आता म्हणतील, घर कोण चालवणार, तुझो बापूस? माझी उत्तरं तयार होती.

"बरा," हे म्हणाले.

"बरा काय? भांडा मां!"

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. ओठ हलले. बोलायचं होतं त्यांना, कपाळावर आठी चढली होती, मला ती चांगली ओळखीची. मी वाट बघत राहिले. पण त्यांना दम पुरला नाही.