पिवळ्या ठिपक्याची मेंढी

म्याडमच्या शोधात माझा हात हाय, हे मी चारचौघांत छाती काढून सांगतो. हात म्हणजे, म्याडम मेंढीच्या मानेपाशी काम करायच्या तवा तिचे मागचे पाय मी धरायचो. मला अक्षर वळखू येत नाय. मी बोलतोय आन् सून लिहून घेतीया, तवा ह्यात शहाणपणाचं काय सापडलं तर ते तिचं समजा.

दोनेक महिने झाले असतील. शहागंजाच्या बाजारात चप्पल शिवून घेत बसलो व्हतो, एक पाय अनवाणी. तेवढ्यात म्याडमच्या मिस्टरांचा, नानासाहेबांचा फोन आला. "गंगाधर, वसुधा गेली रे. सकाळी." मी म्हणलो, "बरं बरं, मग सांजच्याला करतो म्याडमला फोन." तिकडनं रडायचा आवाज आला… मग माझ्या डोक्यात शिरलं. चप्पल तिथंच सोडून तसाच चौकापर्यंत गेलो, तवा कळलं की पाय भाजतोय.

वसुधा म्याडम चितेगावच्या औषधाच्या कंपनीत मोठ्या शास्त्रज्ञ. आजोबा निजामाच्या कचेरीत मुन्शी, त्यामुळं घरात समदे शिकलेले. गोळीत औषध कसं कालवायचं, ते पोटात कधी सुटलं पायजे, ह्यात त्यांची हयात गेली. मागनं त्यांना दुसराच ध्यास लागला. तांदळाच्या दाण्याएवढी एक चकती कातडीखाली बसवायची आन् तिनं रक्तातली साखर सांगत राहायचं. रोज बोट टोचायची कटकट नको. पण अंग लई संशयी असतं म्हणायच्या. परकं काय आत आलं की त्याच्याभवती मांसाची भिंत घालतं. भिंत झाली की चकती आंधळी. म्हणून म्याडमनी चकतीवर एक लेप चढवला. त्या लेपातनं औषध थेंबाथेंबानं पाझरायचं आन् शेजारचं मांस शांत राहायचं. मी म्हणलो, "म्याडम, थोडा लेप मला द्या. बायकोनं मला असंच भिंतीआड घातलंय." म्हणाल्या, "गंगाधर, तुमच्या बायकोचं काहीच चुकलेलं नाही."

हे समदं मेंढ्यांवर चालायचं आन् कंपनीच्या त्या मेंढ्या सांभाळायला माझ्याकडं. किती लेप झाले, किती चकत्या आंधळ्या झाल्या… शेवटी एकच मेंढी बोलती राहिली, चंद्री. मोबाइलएवढं यंत्र तिच्या मानेला टेकवलं की टिट वाजायचं आन् आकडा यायचा. कंपनीच्या वरच्या साहेबांनी निरोप धाडला व्हता की आम्ही दुपारी येतो. मेंढी बोलली तर काम पुढं, नाय तर म्याडमच्या प्रयोगाच्या खोलीला कुलूप.

आन् त्याच सकाळी पाण्याच्या टँकरवाल्यानं फाटक उघडं टाकलं. पैठण रस्त्यानं धनगराचा कळप चालला व्हता. मेंढीला मेंढी दिसली की ती कुणाच्या बापाचं ऐकती? गेली चंद्री.

आम्ही जीप काढून कळप गाठला. समदी काळी मेंढरं, आन् चंद्रीबी काळीच. मी म्हणलो, "घाबरू नका म्याडम, आपल्या मेंढीच्या पाठीवर मी पिवळा ठिपका मारलाय, लांबनं दिसतो." कळपातल्या सगळ्या मेंढ्यांच्या पाठीवर पिवळा ठिपका. धनगर आपल्या कळपाला खुणेचा रंग लावतात आन् मी हौसेनं नेमका त्यांचाच उचलला व्हता. चंद्रीच्या कानातला बिल्ला कान पिकला म्हणून काढलेला, टाक्याची खूण लोकरीत बुजलेली.

कळपाची मालकीण एक म्हातारी धनगरीण. मला वर-खाली बघून म्हणली, "आपलं जनावर वळखू येईना व्हय रं?"

मला झोंबलं. मी म्हणलो, "न यायला काय झालं! तोंड बघून सांगतो." आन् कळपात शिरून एक मेंढी वढून काढली. "ही घ्या म्याडम, चंद्री."

म्याडमनी लोकर बाजूला केली, यंत्र टेकवलं. गप्प. जागा बदलली. गप्प. यंत्र पदरानं पुसून परत टेकवलं… काय नाय.

"गंगाधर, नक्की हीच?"

"म्याडम, एकवेळ आईला चुकंन, पण हिला नाय."

म्याडम तिथंच ढेकळात बसल्या. हळूच म्हणाल्या, "म्हणजे लेप गेला. हिची पण भिंत झाली." मग मोबाइल काढून त्या मेंढीचा एक फोटो घेतला. माणूस शेवटचं बघून घेतो तसं वाटलं मला.

म्हातारी वरडली, "बाई, माझी मेंढरं उन्हात हायेत, झालं का तुमचं?"

म्याडम उठल्या. माझ्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "गंगाधर, दोघांपैकी एक खोटं आहे. तुम्ही, नाहीतर माझा लेप."

"मग वो म्याडम?"

"लेपाला मी तुमच्यापेक्षा जास्त वर्षं ओळखते. पुढची धरा."

धरली. गप्प. पुढची. गप्प. मी लाथा खातोय, कोपरं सोलपटलेली, म्याडम रस्त्याकडं बघतायत की साहेबांची गाडी आली का. तपासलेली मेंढरं म्हातारी एका अंगाला हाकत व्हती, आन् ह्या अंगाला थोडीच उरली. जन्मात पयल्यांदा मी देवाला म्हणलो, बाबा, मला खोटं पाड. लेकराबाळांसाठी बी मी असा हात जोडला नसंल.

बाभळीखाली एक मेंढी निवांत रवंथ करत बसली व्हती. तिला धरायची गरजच पडली नाय. म्याडमनी वाकून यंत्र टेकवलं.

टिट.

म्याडम हसल्या नायत. परत टेकवलं. टिट. मग त्यांनी तिच्या मानेत तोंड घातलं आन् तशाच राहिल्या… मी दुसरीकडं बघत उभा राहिलो. माझेबी डोळे भरले व्हते. कुणी विचारलंच तर सांगायला, मेंढीचा वास लई उग्र असतो.

साहेबांनी आकडा बघितला, काम चालू राहिलं. अजून तो लेप कुणा माणसाच्या दंडात बसला नाय. पण म्याडमच्या हाताखालच्या पोरापोरींनी पुढं नेलाय म्हणतात.

गेल्या आठवड्यात नानासाहेबांकडं जाऊन आलो. म्याडमच्या खोलीत त्यांनी काय हलवलेलं नाय. टेबलासमोरच्या भिंतीवर, खुर्चीत बसलं की नजर जाईल अशा जागी, एक चौकट. देवाचा फोटो नाय, पोराबाळांचा नाय. एक काळी मेंढी. मला हुंदकाच आला. चौकटीला हात लावून म्हणलो, "नानासाहेब, बघा, आपली चंद्री! एवढी वर्षं झाली, पण तोंड बघताक्षणी वळखली."

नानासाहेबांनी चष्मा पुसला आन् फोटोखालच्या म्याडमच्या अक्षरावर बोट ठेवलं. "इथं लिहिलंय, 'हिच्यापाशी मी हार मानणार होते.' तू धरून दिलेली मेंढी आहे ही, गंगाधर. चंद्री नव्हे. तुला तेव्हाही ओळखता येत नव्हती आणि आजही येत नाही."