जीपमधली वारस

अण्णांनी वाचवलं. काय झालं ते पुढं सांगते, पण हे आधी लिहून ठेवते. नाहीतर माझं नेहमीचं होतं, घाबरून भलतंच सांगत बसते आणि ज्यांचं सांगायचं तेच राहून जातात.

तुम्ही कधी जमिनीच्या कामाला गेला असाल तर रजिस्टर कचेरीबाहेर पत्र्याखाली बसलेले दस्तलेखक पाहिले असतील. पुढ्यात टाइपरायटर, शेजारी अंगठ्याच्या शाईचा डबा. कागलचे आमचे अण्णा त्या डब्यावर तळहात ठेवून बसायचे. कुणी अंगठ्यासाठी वाकलं की म्हणायचे, "काय सोडतीयास ते तुझ्या तोंडानं सांग. मग डबा उघडतो."

तिकडं रीतच आहे. बाप गेला की भाऊ बहिणींना गाडीतून आणतात, साडीचोळी करतात आणि हक्कसोडपत्रावर सही घेतात. अण्णा त्या बहिणीला विचारायचे, "अक्का, लुगडं झ्याक हाय. किती वर्सं टिकंल?"

भाऊ चिडायचे. "अण्णा, तुमी लिवायचं काम करा की."

"तेच करतोय पावणं. पर कापडाचं न्हाय, रानाचं लिवतोय."

बहुतेक बहिणी तरीही सही करायच्या. अण्णा मुकाट्यानं डबा उघडायचे आणि त्या दिवशी चहा प्यायचे नाहीत. हे मी नंतर पाहिलं, वर्षभर त्यांच्या शेजारी शिलाई मशीन घेऊन बसले तेव्हा.

माझं माहेर नांदेडकडं. सातवीत शाळा सुटली, लग्न होऊन कागलजवळच्या गावात आले. पोरगी तीन वर्षांची असताना नवरा ट्रॅक्टरखाली गेला. तेराव्याच्या दुसऱ्या दिवसापासून मार सुरू झाला. थोरले दीर चाबकानं मारायचे, धाकटे केस धरून डोकं उंबऱ्यावर आपटायचे. मागणी एकच, नवऱ्याच्या वाट्याच्या रानावरचा हक्क सोड. आठ दिवस मी नाही म्हटलं. नवव्या दिवशी त्यांनी पोरीला उचललं.

कचेरीबाहेरच्या रस्त्यावर जीप उभी. धाकटे दीर पोरीला मांडीवर घेऊन आत बसलेले. "अंगठा दे आन् पोरगी घे," थोरले म्हणाले. "तोंड उघडलंस तर हिरीत टाकीन तिला." मला सही येत होती. पण मारानं बोटं एवढी सुजली होती की पेन धरवेना.

अण्णांनी माझा फाटलेला ओठ पाहिला, हात पाहिला. "काय सोडतीयास, तंगी?" तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. अण्णा सीमेकडचे होते.

माझ्या तोंडून एवढंच निघालं, "पोरगी जीपमध्ये आहे."

अण्णांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. त्यांनी कागद उचलला आणि थोरल्या दिरांना म्हणाले, "पावणं, ह्यात वारस एकच लिवलाय. मयताला लेकरू हाय न्हवं?"

"पोरगी हाय. पोरीचं काय धरायचं?"

"कायद्यानं ती बी वारस. उद्या मोठी हुईल, दावा लावंल, समदं रान अडकंल. तिचा बी अंगठा घेऊन टाका की."

पोरगी वारस होती हे खरं, पण अंगठ्याची ही शुद्ध थाप होती. थोरले दीर खूश झाले. "अण्णा, तुमी लई हुशार बगा." त्यांनी स्वतःच धाकट्यांना हाक मारली.

पोरगी माझ्या कडेवर आली. अण्णा उठले, मला पाठीमागं घेतलं आणि तो कागद उभा फाडला. "तीन वर्सांच्या पोरीचा अंगठा कुठं चालतोय? तिचा वाटा कोर्टाच्या परवानगीबिगर आईला सुद्धा सोडता येत न्हाय. तंगी, आत जा."

थोरल्यांनी टाइपरायटर दोन्ही हातांनी उचलून अण्णांच्या हातावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मला आत ऐकू आला. धाकट्यांनी लाथा घातल्या, बरगड्यांत, तोंडावर. फरशीवर शाई कुठली आणि रक्त कुठलं कळत नव्हतं. शिपाई धावत येईपर्यंत अण्णा कचेरीच्या दारात आडवे पडून चौकटीला धरून होते, म्हणजे त्यांना तुडवल्याशिवाय कुणाला माझ्यापर्यंत येता येऊ नये.

पुढं पोलीस, तलाठ्याकडं वारसनोंद, वाटपाचा दावा, सगळं त्यांनीच शिकवलं. तीन बोटं कायमची वाकडी झाली होती, डाव्या हातानं एकेक अक्षर दाबायचे. दीर जामिनावर सुटले होते. मी सारखी विचारायची, "अण्णा, ते परत येतील का?"

"येतील की. म्हणून तर तारखेला वेळंवर जायाचं."

वर्षभरानं मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत खोली घेतली, ब्लाउज शिवू लागले. सातबाऱ्यावर आम्हा मायलेकींची नावं लागली तेव्हा पोरगी चौथीत होती. उतारा दाखवायला धावत कागलला गेले, तर अण्णांच्या जागी झेरॉक्सवाला बसलेला.

"अण्णा लेकीकडं गेलं, सीमेपल्याड. गाव सांगितलं न्हाय." तो थोडा घुटमळला. "तुझ्या दिरांनी दोनदा गाठलं त्यांना. दुसऱ्या बारीला डोळा गेला. तुला कळू देऊ नका म्हणालं. कळलं तर भिऊन दावा मागं घेशील म्हणून."

घेतला असता. ते मला माझ्यापेक्षा जास्त ओळखत होते.

पोरगी आता नववीत आहे. आमच्या रानात मी एक खोली बांधली आहे आणि ती रिकामी ठेवली आहे. दर सुट्टीत आम्ही दोघी सीमेपलीकडची दोन-दोन गावं विचारत फिरतो. अण्णा, तुम्ही सापडाल, आणि तुम्हाला त्या खोलीत आणून तुमचं म्हातारपण मी करीन. कधी ते सांगता येत नाही, पण करीन.